वरच्या बाईंचा नवा आल्बम

पहिल्यांदा त्या माझ्या खिडकीपाशी आल्या तेव्हा मी त्यांचा फॉर्म परत केला, कारण 'कुठून' आणि 'कुठपर्यंत' हे दोन्ही रकाने कोरे होते. "भरून आणा," म्हटलं. त्या हसल्या आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पाऊण तासाने तोच फॉर्म, तसाच कोरा. तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा माझी जेवणाची सुट्टी होत आली होती आणि मागची माणसं आरडाओरडा करायला लागली होती. मी वैतागून इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "मला राहायला खोली हवी आहे. कोणाला विचारावं ते रांगेत उभी राहून ठरवत होते. तुम्ही मला दोनदा परत पाठवलंत, पण एकदाही खोटं हसला नाहीत."

नव्वदीची सुरुवात होती. बनारस कॅन्टच्या आरक्षणाच्या खिडकीवर मी नवाच लागलो होतो. समोर पन्नाशी ओलांडलेली उंच बाई, खांदे थोडे वाकलेले, डोक्यावर रुंद कडांची मळकी टोपी आणि पाठीवर गिटारची काळी पेटी. आमच्या घरातली वरची खोली रिकामी होती हे खरं, पण ते मी त्यांना का सांगितलं, हे मला आजही कळलेलं नाही. संध्याकाळी त्या माझ्यामागून रामघाटाच्या गल्लीतून चालत घरी आल्या.

आईने एवढंच विचारलं, "मांस-मच्छी नाही ना खाणार? मग राहू दे." अण्णा, म्हणजे माझे वडील, वेदपाठशाळेत शिकवत. त्यांनी गिटारच्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गातात?" मी म्हटलं, "इंग्रजी गाणी." "ते कळलं रे. पण कशाची?" ते मलाही ठाऊक नव्हतं.

आईने त्यांना नाव ठेवलं 'वरच्या बाई', आणि तेच राहिलं. त्या मात्र आईला 'आई' म्हणत. "माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि मला आई म्हणते," असं आई सगळ्यांना हसत सांगायची. बाई मराठी शिकल्या त्या तिच्याकडूनच. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, कारण आम्ही 'दार उघड' म्हणायच्या ऐवजी 'दरवाजा खोल' म्हणतो. बाईंना तेच शुद्ध वाटे. पुण्याची आत्या एकदा आली असताना तिने "खिडकी उघडा" म्हटलं, तर बाईंनी तिला सावकाश समजावलं, "उघडा नाही. खोला."

त्या कंट्री गायच्या. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी. घोडे, मोठमोठे ट्रक, रिकामे रस्ते, सोडून गेलेली माणसं. पण त्या अमेरिकन नव्हत्या. इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणीचं एक गाव आहे, तिथल्या. वडील खाणीत काम करायचे आणि रविवारी या गाण्यांच्या तबकड्या लावून बसायचे. बाईंनी अमेरिका पाहिली नव्हती. त्या जन्मात कधी घोड्यावर बसल्या नव्हत्या. मी एकदा जरा खवचटपणेच विचारलं, "मग त्या घोड्यांची गाणी तुम्ही कशाला लिहिता?"

त्यांनी तार पिळता पिळता विचारलं, "तुझे अण्णा रोज सरस्वती नदीबद्दल म्हणतात ना? त्यांनी ती पाहिली आहे?"

हे मी अण्णांना जेवताना सांगितलं. अण्णा क्वचित हसत. त्या दिवशी त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "बाईंना सांग," ते म्हणाले, "नाही पाहिली. पण ती आहे." त्यानंतर जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना हात जोडत, एकाच धंद्यातली माणसं जोडतात तसे.

तरुणपणी बाईंचा एक आल्बम आला होता आणि तिकडच्या लहान गावांतून बरा चाललाही होता. मग नवरा दुसऱ्या कोणाबरोबर गेला. तोच त्यांच्याबरोबर गिटार वाजवायचा, त्यामुळे गाणंही गेलं. वीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. आता लंडनमधल्या एका छोट्या कंपनीने नव्या आल्बमची तयारी दाखवली होती. तो करायला त्या बनारसला का आल्या, याचं उत्तर त्या दर वेळी वेगळं देत. एकदा म्हणाल्या, "इथे मला कोणी ओळखत नाही." एकदा म्हणाल्या, "इथे कोणी घाईत नाही." एकदा नुसतंच, "तिकीट स्वस्त होतं."

गाणी लिहायला त्या घाटावर बसत नसत. घाट बघून गाणं सुचत नाही, नुसतं बघतच राहावंसं वाटतं, असं म्हणत. त्या रांगेत लिहायच्या. पोस्टाच्या, वीज बिलाच्या, आणि सगळ्यात जास्त माझ्या खिडकीच्या. वही हातात धरून पुढे सरकत यायच्या, खिडकीपाशी पोचल्या की मला "नंतर" म्हणायच्या आणि पुन्हा मागे जाऊन उभ्या राहायच्या. हमाल आणि दलाल त्यांना ओळखू लागले. कोणी पुढे घुसायला लागलं तर तेच ओरडत, "अरे, मेमसाब का नंबर है!" आणि मेमसाब मान हलवून त्याला खुशाल पुढे जाऊ द्यायच्या. "रांगेत माणूस खरं बोलतो," त्या म्हणायच्या. "जायचं ठरलेलं असतं, पण अजून गेलेला नसतो."

गाण्यात तीन गोष्टी लागतात, असं त्यांचं मत होतं. कोण गेलं, कुठून गेलं, आणि मागे काय राहिलं. बाकीचं सगळं गिटारीने भरता येतं.

पावसाळ्यात गिटारीचं लाकूड फुगायला लागलं तेव्हा आईने एका कापडात तांदूळ बांधून पेटीत ठेवायला दिले. दमट झाले की ते कबुतरांना घालायचे आणि नवे घ्यायचे. एकदा तार तुटली आणि इथे मिळेना, तर एका सतार दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने सतारीची तार लावून दिली. ती जरा झणझणायची. बाईंना तो आवाज इतका आवडला की नवी तार आली तरी बदलली नाही. वीज केव्हा जाते याचं वेळापत्रक त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या घरातली गिरणीची, इस्त्रीची कामं आई त्यावरून ठरवायची. एका पत्र्याच्या ट्रंकेवर त्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र असे. एकाच कॅसेटवर चार पट्ट्या. एकीवर गिटार, एकीवर त्यांचा आवाज, असं वेगवेगळं भरायचं आणि मग एकत्र ऐकायचं. वर्षभरात आठ गाणी झाली. नववं अडलं.

ते त्यांच्या आईवर होतं. त्यांची आई गेली तेव्हा त्या दूर कुठेतरी गात होत्या. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी येऊन कानात सांगितलं. बाईंनी उरलेली चार गाणी म्हटली आणि मगच निघाल्या. एवढंच ते गाणं. पहिलं कडवं झालं होतं, तिसरं झालं होतं. दुसऱ्यात त्यांची आई बोलणार होती, आणि ती काय बोलली असती ते बाईंना लिहिता येत नव्हतं.

हे सगळं त्यांनी आईला सांगितलं होतं, त्या आमच्या मोडक्यातोडक्या मराठीत, छतावर सांडगे घालताना. आणि आईने त्यांना जे सांगितलं ते तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मला ते बाईंकडून कळलं. आईचं माहेर वाईचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती काशीला आली आणि त्यानंतर फक्त दोनदा माहेरी गेली. तिची आई गेल्याची तार पाच दिवसांनी पोचली. त्या दिवशी अण्णांच्या पाठशाळेत कोणी पाहुणे जेवायला होते. आईने आधी पानं वाढली, मगच तार वाचल्याचं घरात सांगितलं.

तर छतावर सांडगे घालताना आई एक ओवी म्हणत होती. लग्नानंतर निघताना तिच्या आईने म्हटलेली:

लेक चालली सासरी, मागे वळून पाहू नको,
उंबऱ्याशी उभी मी गं, माझी काळजी वाहू नको.

मी लहानपणापासून ती ऐकत आलो होतो. म्हणजे ती चालू असायची, आणि मी इतर काहीतरी करत असायचो. बाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "आई, याचा अर्थ काय?"

दोन दिवसांनी दुपारी, भिंतीवरच्या वेळापत्रकाप्रमाणे वीज होती तेव्हा, आई वर जाऊन यंत्रासमोर बसली. मी पाळी बदलून लवकर घरी आलो होतो. दाराशी पोचलो तर म्हणून झालं होतं. आईच्या डोक्यावर पदर, आणि पदरावरून ते मोठे काळे हेडफोन. ती स्वतःचा आवाज ऐकत होती. एक हात गालावर होता. मला पाहून ती लाजली नाही, हे मला विचित्र वाटलं. ती म्हणाली, "अरे, ही मी आहे!" बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी खाली निघून आलो. पण मला ते आवडलं नाही. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, गुरुजींचा मुलगा होतो, आणि लोक काय म्हणतील याची मला अण्णांपेक्षा जास्त भीती होती. त्यातच कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून बातमी फुटली आणि ऑफिसात शेजारच्या खिडकीवरचा सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "क्यों भई, सुना है माताजी का कैसेट आ रहा है?" बाकीचे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. तो उलट कौतुकानेच म्हणाला असेल.

त्या दिवशी घरी आलो तो तडक वर गेलो. बाई वहीत काहीतरी खोडत होत्या.

"आईचा आवाज आल्बममधून काढून टाका," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "का?"

"अण्णांना आवडणार नाही."

"अण्णा तसं म्हणाले?"

"हो."

मी अण्णांना विचारलंही नव्हतं.

"आणि आई?"

"अण्णा म्हणतील तसं आई करेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझी खात्री आहे, त्यांना कळलं होतं. आरक्षणाच्या रांगेत वर्षभर माणसं ऐकलेली बाई ती. पण त्या म्हणाल्या, "आवाज त्यांचा आहे, घर तुमचं आहे. मी भाडेकरू." मग विचारलं, "दुसरी प्रत नाही, हे तुला माहीत आहे ना?"

मी मान हलवली.

त्यांनी कॅसेट मागे नेली. माइकची वायर काढून बाजूला ठेवली, तिसऱ्या पट्टीचं लाल बटण दाबलं, आणि मला कळावं म्हणून सांगितलं, "आता तिच्यावर काहीच भरलं जाणार नाही. तसंच पुसतात. जेवढा वेळ गायला लागला, तेवढाच पुसायला लागतो."

चाकं फिरायला लागली. आवाज काही नव्हता. यंत्रावरचा काटा जागचा हलत नव्हता. दोन मिनिटं असतील, जेमतेम. बाई ट्रंकेपाशी जमिनीवर बसल्या होत्या, मी दारात उभा. मध्येच खालून आईची हाक आली, "अरे, बाईंना विचार, चहा घेणार का?"

बाईच ओरडल्या, "हो आई!"

त्या वेळात मला हात पुढे करून बटण बंद करता आलं असतं. अर्धी ओवी तरी वाचली असती. हा हिशोब मी पुढे किती वेळा मांडला असेल. पण तेव्हा मी फक्त चाकांकडे बघत उभा राहिलो, आणि मग चाकं थांबली.

"आईंना मी सांगू की तू?" बाईंनी विचारलं.

"मी सांगतो."

आणि खाली जाऊन, चहाचा कप हातात घेऊन, मी आईला सांगितलं, "ते तुझं गाणं बाईंनी काढून टाकलं. बरं आलं नव्हतं म्हणे."

आईचा हात ओटा पुसता पुसता थांबला. मग ती म्हणाली, "वाटलंच मला. आता गळा कुठे राहिलाय." आणि बाईंचा कप घेऊन ती स्वतः वर गेली. वर दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. काही बोलल्याच नसाव्यात, कारण आई लगेच खाली आली.

त्यानंतर आई छतावर काम करायची, पण गप्प. मी आधी लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं आणि वाटलं, होईल सुरू पुन्हा.

बाई दीड महिन्याने गेल्या. तिकीट काढायला माझ्याच खिडकीवर, रांगेतून आल्या. या वेळी फॉर्म पूर्ण भरलेला होता. मी तिकीट छापून त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी खाली वाकून विचारलं, "आईंना सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

मागून कोणीतरी ढकलत होतं. बाईंनी तिकीट टोपीत खोचलं आणि रांगेच्या शेवटी न जाता सरळ बाहेर पडल्या. निघताना आईने त्यांना मेतकूट बांधून दिलं. अण्णा घाटापर्यंत पोचवायला गेले. होडीतून पलीकडे सामान न्यायची काहीच गरज नव्हती, पण बाईंना जाताना एकदा नदीतून शहर बघायचं होतं. मी ड्यूटीवर होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

त्या आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. मी त्यांना पुढे दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं नाही, दुसरं पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्या शेवटच्या वर्षांत मी टेपरेकॉर्डर विकत घेतला होता, कोरी कॅसेट घालून तिच्यासमोर ठेवला होता. "आता कशाला," म्हणून ती डाळ निवडायला उठून गेली. मी पुन्हा कधी म्हटलं नाही. तिचे फोटो आहेत, एक शाल आहे, तिच्या अक्षरातल्या पाककृतींची वही आहे. आवाज कशातच नाही.

आल्बम आला तो बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. इंग्लंडहून पाकीट, आईच्या नावाने. आमच्याकडे तिकडच्या नव्या तबकड्या वाजवायची सोय नाही हे लक्षात ठेवून त्यांनी कॅसेट पाठवली होती. नाव 'वेटिंग लिस्ट'. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो नव्हता. आमच्या आरक्षण कार्यालयातली रांग होती, पाठीमागून काढलेली. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही तिघं ऐकायला बसलो. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते मांडी घालून, डोळे मिटून, पाठशाळेत बसतात तसे बसले. एका गाण्यात सतारीची ती तार झणझणली तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं.

नववं गाणं शेवटचं होतं. पहिलं कडवं झालं. मग बाईंचा आवाज थांबला आणि नुसती गिटार वाजत राहिली. साधीच, पुन्हा पुन्हा तीच. कोणीतरी गाईल म्हणून वाट बघावी आणि कोणी गाऊ नये, तशी. मग तिसरं कडवं आलं आणि गाणं संपलं.

पाकिटात एक चिठ्ठी होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मी वाचून दाखवली. "आई, दुसऱ्या कडव्याची जागा तुमची आहे. मी ती कोणाला दिली नाही."

अण्णांनी डोळे उघडले. "इथे तुझी ओवी होती ना?" त्यांनी आईला विचारलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"त्या दिवशी मी लवकर आलो होतो. वर चाललं होतं म्हणून खालच्या पायरीवर बसून राहिलो. संपलं तसा परत बाहेर गेलो. म्हटलं, उगाच मध्ये कशाला जा." ते उठले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "छान झाली होती. का काढली कोण जाणे." आणि संध्येसाठी घाटाकडे निघून गेले.

आई चिठ्ठीकडे बघत होती. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. "जागा माझी आहे म्हणतात," ती म्हणाली, "आणि काढली पण त्यांनीच. बरी आली नव्हती म्हणून."

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. अण्णांचं नाव मी घेतलं ते, ऑफिसातल्या लोकांचं, दोन मिनिटं दारात उभा होतो ते, आणि 'बरं आलं नव्हतं' हे बाईंचं नव्हे, माझं होतं ते. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे त्या बिचारीला वाटत असेल, मीच नको म्हटलं."

मग तिने टेपरेकॉर्डरचं झाकण खोललं, कॅसेट काढून हातात घेतली आणि जरा संकोचून, एखादी मुलगी परीक्षेचा निकाल विचारते तशी, मला विचारलं, "मला त्या दिवशी कानात ऐकताना चांगला वाटला होता माझा आवाज. तुला कसा वाटला होता रे?"

पुसण्याआधी मी तो एकदाही ऐकला नव्हता.